तुम्ही विचारलंत म्हणून: हो, खासदारकीला उभारलो होतो

आमच्या गल्लीत मला नावानं कोण हाक मारत नाही. "खासदार, ब्लाउज कधी मिळणार?" असंच. नवीन गिऱ्हाईक असलं की चमकतं आणि विचारतं, खरंच उभारला होता काय, आणि कशाला?

एकदाच लिहून टाकतो. १९९६ ची लोकसभा. बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीनं ठरवलं, बेळगावातनं एवढे अर्ज भरायचे की दिल्लीला सीमाप्रश्न दिसलाच पाहिजे. मैदानात राहिले ४५६ उमेदवार, त्यातला एक मी, खडेबाजारातला टेलर. डिपॉझिट ५०० रुपये. निवडून यायचं नव्हतंच, मतपत्रिका फुगवायची होती. आता लोक हसतात. हसा की. तेव्हा कोण हसत नव्हतं, गुलाल लावला होता मला.

पण पाचशे कुठनं आणले, हे कोण विचारत नाही.

लग्नसराई होती. अनगोळचे एक मास्तर, कन्नड शाळेतले, जुनं गिऱ्हाईक, मुलीच्या लग्नाचं कापड टाकून गेले होते. स्वतःची सफारी, पोरांच्या पँटी, बायकोचे ब्लाउज. ॲडव्हान्स सहाशे. त्यातलेच पाचशे मी भरले, म्हटलं आठवड्यात येतील कुठनंतरी, आणि मग डीसी, म्हणजे कलेक्टर ऑफिसची रांग, कागद कमी म्हणून परत रांग, त्यात कारागिराचा पगार थकला म्हणून तोपण गेला. लग्नाच्या दोन दिवस आधी मास्तर आले तेव्हा सफारीला कॉलर नव्हती, बाह्या कच्च्या दोऱ्यावर लोंबत होत्या. भांडले असते तर बरं होतं. त्यांनी शर्ट हातात घेतला, खांद्यावरची खडूची खूण अंगठ्यानं पुसली आणि मराठीतच म्हणाले, "असू दे हो, तुमचं मोठं काम चाललंय." ॲडव्हान्सचं नाव काढलं नाही. सगळं पिशवीत घालून गेले, परत पायरी चढले नाहीत.

टोमणा होता की खरंच समजून घेतलं, अजून कळलं नाही.

पोरगा म्हणतो, पप्पा, २०२१ च्या पोटनिवडणुकीत समितीनं एकच उमेदवार दिला, लाखावर मतं पडली, तुमच्या जत्रेनं काय मिळालं? बरोबर आहे त्याचं. निवडून आले जनता दलाचे कौजलगी, आमचं डिपॉझिट गेलं, वर त्याच वर्षी सरकारनं ते दहा हजार करून टाकलं, म्हणजे माझ्यासारख्यानं परत उभारायचं नावच नको. पण चूक झाली म्हणा म्हटलं की माझी जीभ अडते. आमच्या वडलांना शेताच्या उताऱ्यावरचं स्वतःचं नाव दुसऱ्याकडनं वाचून घ्यायला लागायचं, कन्नड येत नव्हतं म्हणून. तो राग खरा होता. पैसे मास्तरांचे होते, हेही खरंच.

जुन्या वहीत त्यांच्या मापाचं पान आहे अजून. छाती ३८, बाही २३, आणि खाली माझ्याच अक्षरात, दोनदा रेघ मारून, "अर्जंट".