नेट नसलेल्या सर्व्हरवर व्हिम

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत भट्टीच्या तापमानाच्या नोंदी एका सर्व्हरवर साठतात. त्यावरच्या पायथन स्क्रिप्ट तिथंच बसून दुरुस्त करायच्या होत्या. "सर, नेट इल्ला," तिथल्या आयटीवाल्या साहेबांनी दारातच सांगितलं. पेनड्राइव्ह मात्र स्कॅन करून आत नेता येणार होता.

सर्व्हरवर सेंटओएस 7 ही लिनक्स सिस्टिम, म्हणजे फाइली लिहायचा-दुरुस्त करायचा एडिटर व्हिम 7.4. जून 2024 मध्ये त्या सेंटओएसचे अपडेट कायमचे थांबले. फाउंड्रीला त्याचं काय! प्रश्न होता, व्हिमला जादा सोयी देणारे प्लगिन नेटशिवाय कोणत्या मॅनेजरनं बसवायचे.

माझ्यासोबतची खानापूरची पोरगी निओव्हिमवाली, म्हणजे व्हिमचा नवा अवतार वापरणारी. तिचा लेझी.एनव्हिम हा प्लगिन मॅनेजर मलाही आवडतो: प्लगिन लागेल तेव्हाच उघडतो, आणि कोणत्या प्लगिनचं नेमकं कोणतं कमिट (आवृत्ती) बसवलंय हे लॉक फाइलमध्ये लिहून ठेवतो, त्यामुळं सगळ्यांच्या मशीनवर तेच बसतं. पण इथं निओव्हिमच नव्हता. वंडल हा दुसरा मॅनेजर प्लगिन बसवायला गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामकडं धावतो, आणि गिटही नव्हतं. व्हिमची स्वतःची पॅक फोल्डरची सोय सगळ्यात सुटसुटीत, पण ती आली 2016 च्या व्हिम 8 मध्ये.

"कशाला ओ सर एवढं, साधा व्हिम चालवा की," ती म्हणाली. चाललाही असता. पण शेकडो ओळींच्या फाइलमध्ये कॉमेंट टाकत-काढत बसायचं तर कॉमेंटरी हे प्लगिन हवंच, आणि फोल्डर चाळायला नर्डट्री.

मॅनेजर उरले दोन. व्हिम-प्लग म्हणजे एकच फाइल. आधी उतरवलेले प्लगिन फोल्डरसकट कॉपी केले की तेही चालतात. फक्त गिट दिसलं नाही की व्हिम उघडताना तक्रार करतो. सुरुवातीच्या ओळीला 'सायलेंट!' जोडलं की गप्प बसतो, पण मला ती मलमपट्टी वाटते. टिम पोप यांचा पॅथोजेन गिटच्या वाटेलाच जात नाही. 'बंडल' फोल्डरमधलं प्रत्येक फोल्डर रनटाइमपाथमध्ये, म्हणजे व्हिम जिथं-जिथं शोधतो त्या यादीत, घालायचं, बस्स. नव्यांनी व्हिमची अंगची सोयच वापरावी, असं त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलंय. आमचं काम पॅथोजेन या म्हाताऱ्यानंच केलं.

7.4 वर चालतील अशा आवृत्त्या ऑफिसात उतरवून आणल्या, फोल्डर कॉपी केले, व्हिमआरसी या सेटिंगच्या फाइलीत एक ओळ घातली, मदतीची पानं दिसावीत म्हणून ':हेल्पटॅग्स' चालवलं. झालं.

"आणि अपडेट कसं करायचं ओ?"

"करायचंच नाही," मी म्हटलं. साहेबांना ते फारच आवडलं.