कुत्रा नक्की कोणाकडे बघतोय?

जुन्या हॉलिवूड सिनेमात कुत्र्याचा क्लोज-अप आला की आवाज बंद करून बघा. दिसतं ते एवढंच: कान टवकारलेले, तोंड मिटलेलं, नजर फ्रेमच्या किंचित बाहेर. आवाज पुन्हा सुरू केला, व्हायोलिन वाजू लागली की तोच कुत्रा मालकाच्या आठवणीने व्याकुळ. प्रत्यक्षात त्याचं लक्ष असतं कॅमेऱ्याशेजारी उभ्या असलेल्या ट्रेनरच्या मुठीतल्या खाऊवर. व्याकुळता आपण पुरवतो. हे ठाऊक असूनही डोळे भरून येतात, आणि मला वाटतं या सिनेमांची गंमत तीच आहे.

मिटलेलं तोंड ही फार कष्टाची गोष्ट. स्टुडिओच्या दिव्यांखाली कुत्रा धापा टाकतो. जीभ बाहेर आली की चेहरा हसरा दिसतो आणि दुःखाचा प्रसंग वाया जातो. त्यावरचा उपाय सोपा: ओळखीचा नसलेला बारीक आवाज काढायचा. कुत्रा कानोसा घ्यायला क्षणभर धाप थांबवतो, तोंड मिटतो, आणि तेवढ्यात शॉट घ्यायचा. पण तोच आवाज तीन-चारदा काढला की तो ढुंकूनही बघत नाही. मग नवा आवाज शोधा.

ठरलेल्या जागी थांबायला शिकवताना आधी लाकडाची फळी ठेवतात. कुत्रा तिच्यावर पाय ठेवून उभा राहायला शिकला की फळी लहान करत नेतात. चित्रीकरणाच्या वेळी गवतात लपलेला एक चपटा दगडही पुरतो. मूकपटांच्या काळात ट्रेनर खुशाल ओरडून हुकूम द्यायचे. बोलपट आले आणि हाताच्या इशाऱ्यांवर भागवावं लागलं, किंवा आवाज नंतर भरावा लागला. म्हणून संवादाच्या प्रसंगात कुत्रा नटाकडे न बघता त्याच्या खांद्यापलीकडे बघताना पकडला जातो. एकदा हे दिसू लागलं की दर सिनेमात दिसतं.

‘लॅसी कम होम’ (१९४३) मधली लॅसी गोष्टीत मादी, पडद्यावर मात्र पाल नावाचा कॉली जातीचा नर. आधी निवडलेल्या मादीचे केस उन्हाळ्यात गळायला लागले. नराचा झुबका त्या मानाने टिकतो, आणि रंगीत सिनेमात झुबकाच तर दाखवायचा होता. हा पाल ट्रेनर रड वेदरवॅक्सकडे आला तो भुंकण्याची आणि मोटरसायकलींमागे धावण्याची खोड मोडायला. भुंकणं आटोक्यात आलं, मोटरसायकलींचं वेड काही जाईना. मालकाने फीच्या १० डॉलरऐवजी कुत्राच देऊन टाकला.

त्यातला नदीचा प्रसंग पुन्हा पुन्हा बघण्यासारखा आहे. दमलेली लॅसी पाण्यातून काठावर येते, शेपूट खाली, अंग न झाडता फरफटत पुढे सरकते आणि कोसळते. ज्याने कधी कुत्र्याला आंघोळ घातली आहे त्याला यातली करामत लगेच कळेल. ओलं अंग झाडणं ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. पाय जमिनीला टेकताक्षणी पुढचा हुकूम मिळाला तरच ती टळते. क्षणभर उशीर झाला की पाणी चहूकडे उडतं आणि मरणासन्न लॅसी एकदम ताजीतवानी दिसते.

याच वेदरवॅक्सच्या हाताखाली काम केलेल्या फ्रँक इनने हिगिन्स हा मिश्र जातीचा कुत्रा बरबँकच्या प्राणी-आश्रयगृहातून आणला होता. ‘बेंजी’ (१९७४) केला तेव्हा तो चांगलाच म्हातारा होता. दिग्दर्शक जो कँपने कॅमेरा बराच वेळ कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवला. माणसांचे नुसते गुडघे आणि बूट दिसतात, दारं अवाढव्य वाटतात. कुठल्याही मोठ्या कंपनीने तो वितरणासाठी घेतला नाही, म्हणून कँपने स्वतःच थेटरांपर्यंत पोचवला. गोष्ट साधीच आहे, मुलांच्या अपहरणाची. पण बेंजी रस्त्याने नुसता चालत जातो ते भाग मला कथानकापेक्षा जास्त आवडतात.

मारामारीच्या प्रसंगात शेपटीवर लक्ष ठेवा. कुत्र्यांच्या लेखी तो खेळच असतो. गुरगुर नंतर भरता येते, हलणारी शेपूट लपवता येत नाही. म्हणून कॅमेरा पुढच्या अर्ध्या अंगावर राहतो आणि शॉट आखूड असतात. आणखी एक अडचण म्हणजे पाठांतर. सहाव्या टेकला कुत्रा इशाऱ्याआधीच उठून चालायला लागतो. त्यामुळे तालीम दुसऱ्या कुत्र्यावर करून नायकाला ऐन वेळी आणणं शहाणपणाचं.

‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ (२०२०) मध्ये हॅरिसन फोर्डसमोर टेरी नोटरी हा माणूस होता, कुत्रा नंतर संगणकावर घडवला. त्या कुत्र्याच्या भुवया सगळं सांगून टाकतात, आपल्याला काही करायला उरत नाही. आपल्याकडच्या ‘तेरी मेहरबानियाँ’ (१९८५) मध्ये कुत्रा खरा आहे, पण त्याच्यावर सूड घेण्याचं माणसाचं काम लादलंय. जुने सिनेमे कुत्र्याकडून कुत्र्याचीच कामं मागतात: वास घेणं, वाट बघणं, घरी येणं.

‘ओल्ड येलर’ (१९५७) मुलांना दाखवायचा तर आधी स्वतः बघा. त्यात येलर झालेला स्पाइक हा कुत्राही आश्रयगृहातलाच, ३ डॉलरला घेतलेला. गोष्ट अमेरिकन यादवीनंतरच्या टेक्सासमधली. पिसाळलेल्या लांडग्याशी झुंजल्यावर येलरला लगेच मारत नाहीत, कणसांच्या कोठीत कोंडून लक्ष ठेवतात. हे बरोबरच आहे, कारण रेबीजची लक्षणं दिसायला कित्येक आठवडे जाऊ शकतात. पाश्चरची रेबीजवरची लस त्यानंतरची, १८८५ ची, म्हणजे त्या कुटुंबाकडे दुसरा मार्गच नव्हता. लहान मूल ‘डॉक्टरकडे का नेलं नाही?’ असं हमखास विचारतं, तेव्हा हे माहीत असलेलं बरं. आपल्याकडे भटका कुत्रा चावला तर जखम साबणाने १५ मिनिटं धुवून लगेच इंजेक्शन घ्यायचं असतं, हेही त्याच वेळी सांगता येईल.

आठ वर्षांखालच्यांना मी आधी ‘बेंजी’ दाखवीन. ‘ओल्ड येलर’ रात्री झोपायच्या आधी लावू नये, दुपारी लावावा. शेवटी पिसाळलेल्या येलरला गोळी घालावी लागते. गोळी लागलेला कुत्रा पडद्यावर दिसत नाही, पण बंदूक रोखलेला मुलगा दिसतो आणि आवाज ऐकू येतो. तिथेच रडारड झाली म्हणून टीव्ही बंद करू नका. येलरच्या पिल्लाचा प्रसंग त्यानंतर येतो.