पंपिंग साठ टक्के, तरी दम का लागतो?

सात महिने मला दम लागत होता आणि सात महिने मी 'नॉर्मल' हा शब्द ऐकत होते. एक जिना चढला की कठडा धरून थांबायचं, बोलताना वाक्य तुटायचं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, एक्स-रे यांत काही सापडलं नाही.

मग सुरू झाल्या खऱ्या खेपा. हृदयविभागात इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली. "पंपिंग ६० टक्के आहे, हार्ट उत्तम. छातीच्या डॉक्टरांना दाखवा." छातीविभागात स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून करायची फुफ्फुसांची तपासणी, झाली. "फुफ्फुसं ठीक आहेत, हार्टकडे जा." चिठ्ठी घेऊन पुन्हा हृदयविभागात गेले, तर खिडकीवरच्या माणसाने फाइल उघडूनही पाहिली नाही. "इको नॉर्मल आहे ना? मग परत कशाला आलात?" असं चार वेळा झालं. दर वेळी नवा नंबर, नवी रांग, तीच फाइल. चौथ्या वेळी मी तिथल्या बाकावर बसून रडले. तो राग अजून गेलेला नाही.

शेवटी एका मेडिसिनच्या डॉक्टरांनी विचारलं, "रात्री उशा किती घेता?" तीन. वर्षभरापूर्वी एक पुरायची. आडवं पडलं की खोकला यायचा म्हणून वाढवत गेले होते, पण हे सांगण्यासारखं आहे असं मला कधी वाटलंच नाही. त्यांनी नडगीवर बोट दाबलं, खळगा तसाच राहिला. मग त्यांनी इकोचं दुसरं पान उघडलं. तिथे स्पष्ट लिहिलं होतं: हृदयाचा डावा वरचा कप्पा मोठा झालेला, खालचा कप्पा नीट सैल पडत नाही. इतके दिवस ही ओळ माझ्याच पिशवीत होती!

त्यांनी समजावलं ते असं. पंपिंगचा आकडा म्हणजे कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर फेकलं गेलं. अनेक वर्षांच्या बीपीने कप्पा ताठर झाला की तो नीट भरत नाही. आहे त्यातलं ६० टक्के बाहेर जातंच, पण मागे दाब तुंबतो आणि तो फुफ्फुसांपर्यंत पोचतो. हेही हार्ट फेल्युअरच. हृदयावर ताण आला की वाढणारी एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी केली, ६४० आली. १२५च्या खाली असती तर हार्ट फेल्युअरची शक्यता कमी धरली असती. वजन जास्त असलेल्यांत मात्र हा आकडा फसवा कमी येऊ शकतो.

स्पायरोमेट्रीबद्दल राहिलंच. हवा पूर्ण संपेपर्यंत, साधारण सहा सेकंद किंवा जास्त, जीव खाऊन फुंकावं लागतं, तेही पुन्हा पुन्हा. इनहेलर घेत असाल तर तो किती तास आधी थांबवायचा हे तपासणीची तारीख घेतानाच विचारा. आणि ती नॉर्मल आली म्हणजे फुफ्फुसं सुटली असंही नाही. फुफ्फुसं जाड होण्याचा आजार सुरुवातीला तिच्यात लपू शकतो. त्याला डीएलसीओ (फुफ्फुसांतून वायू रक्तात किती जातो याची तपासणी) आणि एचआरसीटी (फुफ्फुसांचा बारकाईचा सीटी स्कॅन) लागतात. पहाटे छातीत शिट्टी वाजते, मध्येच काही दिवस अगदी बरं असतं, असं असेल तर तेही सांगा. दम्याचा माग त्यातून लागतो.

रिपोर्टचं शेवटचं पानसुद्धा डॉक्टरांसमोर वाचून घ्या. उशा, पायांची सूज, रात्री गुदमरून जाग येणं हे कोणी विचारलं नाही तरी सांगा. दम अचानक वाढला, छातीत दुखलं किंवा ओठ निळे पडले तर मात्र ओपीडीची वाट बघू नका, थेट इमर्जन्सीत जा.

साठलेलं पाणी काढणारी लघवीची गोळी सुरू झाल्यावर नवव्या रात्री मी एका उशीवर झोपले.