आमची वाटचाल : बारा बोअरच्या दस्त्यापासून रिव्हॉल्वरच्या साईटपर्यंत

शस्त्रदुरुस्तीचा परवाना घेऊन दुकान सुरू झालं ते पीकसंरक्षणाच्या बारा बोअर बंदुकांवर. दस्ता बदलायचा, फायरिंग पिन घडवायची, ब्लूइंग, म्हणजे गंज रोखणारा निळा-काळा मुलामा, करायचं. पुढे 25 मीटरच्या स्पर्धांचे नेमबाज येऊ लागले आणि जुन्या स्मिथ अँड वेसन के-फ्रेम (मध्यम आकाराची फ्रेम) रिव्हॉल्वरच्या मागच्या साईट, म्हणजे नेम धरायच्या खाचा, बदलणं हे आमचं ओळखीचं काम झालं.

इथे सुटे भाग सहज मिळत नाहीत. त्यामुळे नवा भाग हातात आल्याशिवाय जुनी साईट उघडायची नाही, हा दुकानाचा नियम. साईट डावी-उजवीकडे सरकवणाऱ्या विंडेज स्क्रूचं टोक नटमध्ये ठोकून बसवलेलं असतं. पाती (नेमाची खाच असलेला उभा तुकडा) बदलायची तर तो स्क्रू मोडावाच लागतो, आणि मोडलेला पुन्हा वापरता येत नाही. म्हणून नुसती पाती मागवू नका. स्क्रू, नट, प्लंजर (स्प्रिंगवरची छोटी खुंटी) आणि स्प्रिंगसह संच घ्या. 1990 च्या दशकात साईटच्या पट्टीचं पुढचं टोक चौकोनीचं गोल झालं. चौकोनी पट्टी नव्या फ्रेमच्या गोल खाचेत बसत नाही. फ्रेमला कानस लावायला आम्ही साफ नकार देतो.

पातीची उंची अंदाजाने ठरवत नाही. गोळ्या 10 सेंटिमीटर खाली लागतात, अंतर 25 मीटर, दोन साईटमधलं अंतर 190 मिलिमीटर : 100 गुणिले 190 भागिले 25,000, म्हणजे मागची साईट 0.76 मिलिमीटर वर हवी. एवढी उंची साईट वर-खाली करणाऱ्या एलिव्हेशन स्क्रूनेच मिळत असेल तर पाती बदलायचीच कशाला? पांढऱ्या रेषेची नॉच (पातीवरची खाच) दुकानात देखणी दिसते. कागदी लक्ष्यावर मात्र साधी काळीच बरी. माशीच्या (पुढच्या साईटच्या) दोन्ही बाजूंना प्रकाशाची सारखी फट दिसली पाहिजे. स्पर्धेत फक्त उघड्या साईट चालतात आणि दोन साईटमधलं अंतर 220 मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही.

कामाला हात घालण्याआधी सिलिंडर उघडून सहाही घरं पाहायची आणि काडतुसं खोलीबाहेर ठेवायची. पेचकस खाचेत गच्च बसणारा, समांतर टोकाचा हवा. निमुळत्या टोकाचा निसटतो आणि खाच खातो. आधी पुढचा स्क्रू काढायचा, मग एलिव्हेशन स्क्रू पूर्ण उलटा फिरवायचा, की पट्टी वर येते. खालचा छोटा नट फ्रेममध्येच राहतो, तो सांभाळा. विंडेज स्क्रू पारदर्शक पिशवीत हात घालून मोडायचा, नाहीतर प्लंजर आणि स्प्रिंग उडालेच म्हणून समजा. नवा स्क्रू बसवून नट हलकाच ठोकायचा. जास्त ठोकला तर स्क्रू अडकतो, कमी ठोकला तर पाती डुलते.

पुढच्या स्क्रूला निळ्या लॉकटाईटचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब पुरतो. एलिव्हेशनला अजिबात नाही, पुढे तो फिरवायचा आहे. नेमबाज पन्नासेक गोळ्या झाडून आला की पुढचा स्क्रू आम्ही पुन्हा तपासतो. "ग्रुप अचानक विस्कटला", म्हणजे गोळ्या एका जागी लागत नाहीत, ही तक्रार आली तरी सगळ्यात आधी तिथेच पेचकस लावतो.