शेवटचा आकडा तीन की आठ

"सर्व्हिस नंबर सांगा." बाबांच्या नेव्हीतल्या सेवेचा तपशील मागायला मी त्या कार्यालयात दहा महिन्यांत सहा वेळा गेले आणि सहाही वेळा पहिला प्रश्न हाच होता. सहाव्या वेळी मी नंबर सांगितला तेव्हा माझा आवाज थरथरत होता. त्याबद्दलच लिहायचं आहे, कारण वडील नेव्हीत होते आणि आता नाहीत अशी बरीच घरं आपल्याकडे आहेत. त्यांच्यावर ही वेळ येऊ नये.

माझे बाबा पाणबुडीवर होते. जुन्या 'करंज'वर. 'जुन्या' हा शब्द मुद्दाम लिहिला, आणि तुम्हीही तुमच्या माणसाबद्दल लिहाल तेव्हा तो विसरू नका. कलवरी, खांदेरी, करंज, वेला, वागीर, वागशीर ही सगळी नावं नेव्हीत दोनदा आली आहेत. निवृत्त बोटीचं नाव पुढे नव्या बोटीला देण्याची प्रथा आहे. जुनी करंज १९६९ साली सोव्हिएत युनियनमध्ये रीगा इथे आपल्या ताफ्यात आली आणि २००३ साली निवृत्त झाली. नवी करंज १० मार्च २०२१ रोजी मुंबईत दाखल झाली. त्या दिवशी ॲडमिरल शेखावत पाहुणे म्हणून आले होते. १९७१ च्या युद्धात जुन्या करंजचे कॅप्टन तेच होते. बाबांच्या जुन्या सोबत्यांनी तो कार्यक्रम टीव्हीवर पाहिला आणि एकमेकांना फोन केले. बाबांना फोन आला नाही, कारण ते जानेवारी २०२० मध्ये गेले होते.

८ डिसेंबर हा पाणबुडी दल आपला दिवस मानतं. १९६७ साली याच तारखेला पहिली कलवरी दाखल झाली. त्या दिवशी बाबांचे सोबती जमेल तिथे एकत्र येतात आणि वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात. २०२२ साली त्यांच्यापैकी साताऱ्याकडच्या एका काकांचा मला फोन आला. म्हणाले, "पोरी, नुसती नावं वाचून झाली की आम्ही चहा प्यायला उठतो. माणूस कसा होता ते कुणी सांगतच नाही. तुझ्या बाबांचं एक पान लिहून दे."

मला ते फार लागलं. 'सिंधुरक्षक' पाणबुडीवर ऑगस्ट २०१३ मध्ये मुंबईच्या गोदीत स्फोट होऊन अठरा जण गेले, त्यांची नावं देशाला माहीत झाली. ती राहायलाच हवीत. पण जो माणूस वीस वर्षं पाण्याखाली काढून घरी येतो, दूध डेअरीत हिशेब लिहितो आणि त्र्याहत्तराव्या वर्षी आपल्या अंथरुणात जातो, त्याचं पान कोण लिहिणार? त्याच्या मुलीनंच ना?

लिहायला बसले तेव्हा कळलं की मला एक तारीखही धड माहीत नाही. कुठल्या साली कुठल्या बोटीवर, रशियात किती महिने, विशाखापट्टणमला कधी, मुंबईत कधी, काहीच सांगता येईना. सगळे कागद बाबांच्या काळ्या पेटीत होते आणि आमचं घर चिपळूणच्या बाजारपेठेत. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी किती चढलं ते चिपळूणकरांना सांगायला नको. तीन दिवसांनी पेटी उघडली तेव्हा आत गाळ भरला होता, आणि कागद हातात घेतला की पिठासारखा सुटत होता. माजी सैनिकाच्या ओळखपत्राची एक झेरॉक्स कपाटाच्या वरच्या कप्प्यात होती, तेवढी वाचली. तीही भिजून वाळलेली. नंबरचे सगळे आकडे वाचता येत होते, फक्त शेवटचा सोडून. तो इंग्रजी तीन (3) होता की आठ (8), ते कळायला मार्ग नव्हता. डावीकडची शाईच धुवून गेली होती.

तुम्ही म्हणाल, एवढ्यानं काय अडतं? मलाही तसंच वाटलं होतं. वारस म्हणून सेवेचा तपशील मागायचा अर्ज केला. मृत्यूदाखला, माझा जन्मदाखला, लग्नानंतर नाव बदलल्याचं राजपत्र, आधार, सगळं जोडलं. ते सगळं पहिल्याच प्रयत्नात जमलं. नंबरच्या रकान्यात मी दोन्ही शक्यता लिहिल्या आणि खाली खुलासा जोडला. अर्ज टपालानं परत आला. वर लाल शाईत एकच शब्द होता, 'अपूर्ण'.

म्हणून तोच अर्ज घेऊन स्वतः गेले. चिपळूणहून पहाटेची गाडी, दुपारी पोचायचं, जेवणाची सुट्टी संपायची वाट बघायची. टेबलावरच्या माणसाला मी झेरॉक्स दाखवली. म्हटलं, "साहेब, दोनच नंबर आहेत. दोन्ही काढून बघा. ज्याच्यावर बाबांचं नाव असेल तो आमचा." त्यांनी मान हलवली. "दुसरा नंबर दुसऱ्या कुणाचा असेल. त्याची माहिती तुमच्यासाठी उघडता येत नाही." बरं, मग नावावरून शोधा. "नावावरून शोधता येत नाही." जन्मतारीख, गाव, भरतीचं साल? "नंबर आणा."

नियम मला समजतो. मी स्वतः शाळेत आहे, दाखल्याच्या रजिस्टरला परक्याचा हात लागू देत नाही. पण दोन ओळी त्यांनी त्यांच्याच खुर्चीत बसून बघायच्या होत्या, मला दाखवायच्याही नव्हत्या. हे मी तिसऱ्या फेरीला बोलूनही दाखवलं. तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या बाईंचा आवाज आला, "पेन्शन बंद झालीये ना? वारसाचा क्लेमही नाही. मग आता याचा उपयोग काय?" अर्जात कारणाचा रकाना होता. त्यात पेन्शन होती, वैद्यकीय सवलत होती, शिक्षण सवलत होती. मी 'इतर'वर खूण करून 'वडिलांची आठवण लिहिण्यासाठी' असं लिहिलं होतं. त्या बाईंनी ते मोठ्यानं वाचलं आणि कागद फाइलखाली सरकवला. त्या दिवशी परतीच्या गाडीत मी खेडपर्यंत रडले.

बँकेत गेले, तर शाखाही त्याच पुरात बुडालेली. जुन्या पेन्शनच्या फायली गाळाबरोबर गेल्या होत्या. आई बाबांच्या चार वर्षं आधी गेली, त्यामुळे कुटुंब पेन्शनचे कागदच कधी झाले नाहीत. चौथ्या फेरीला साहेब रजेवर. पाचव्या फेरीला अर्ज पुन्हा नव्यानं भरायला लावला, कारण जुना सापडेना. इथे एक सांगते. अर्ज दिला की झेरॉक्सवर आवक नंबर आणि तारखेचा शिक्का घ्या, घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मी पहिल्या वेळी घेतला नव्हता, त्यामुळे माझे चार महिने कुठेच मोजले गेले नाहीत.

नंबर शेवटी सापडला तो गोठ्यात.

काळी पेटी पुरानंतर माझ्या चुलतभावानं पोफळी गावी नेली होती, गुरांची पेंड ठेवायला. दिवाळीत त्याच्याकडे गेले. पेटीला त्यानं हिरवा ऑइलपेंट दिला होता. वहिनी पेंड काढत होती, दारातून उन्हाची तिरीप पेटीच्या पुढच्या बाजूवर आडवी पडली होती आणि हिरव्या रंगाखाली मला अक्षरांच्या कडा दिसल्या. फौजी माणसं पेटीवर नाव आणि नंबर रंगवतात! लहानपणी मी त्याच पांढऱ्या आकड्यांवर बोट फिरवत अंक शिकले होते, आणि दहा महिन्यांत मला ते एकदाही आठवलं नव्हतं. मी खाली बसले आणि बोट फिरवायला लागले. जुन्या ब्रशाचा थर नखाला लागत होता. शेवटच्या आकड्याला डावीकडेही फुगवटा होता, वर एक, खाली एक. आठ. भावानं टर्पेंटाइननं हिरवा रंग पुसला, खालचा पांढरा आठ वर आला, आणि आम्ही दोघं तिथे कितीतरी वेळ काही बोललोच नाही.

सहाव्या फेरीत नंबर दिला. पाच आठवड्यांत लिफाफा घरी आला.

बाकीचं सोपं होतं, माणसांना फोन करायचे होते. ते मात्र कागदांची वाट न बघता आधीच करा. मी कागदांसाठी थांबले आणि तेवढ्यात बाबांच्या बोटीवरचे दोन जण गेले. ही माणसं आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. फोन संध्याकाळी पाचनंतर करा, दुपारी औषधं घेऊन झोपलेली असतात. मोठ्यानं बोला. बोटीच्या डिझेल इंजिनांजवळ काम केलेल्यांना कमी ऐकू येतं, आणि ते तसं सांगत नाहीत, नुसतं 'हो हो' म्हणतात. युद्धाबद्दल आधी विचारलं तर गप्प होतात. काय खायचात, कुठे झोपायचात, अंघोळ कशी करायचात, असं विचारा. मग थांबत नाहीत. बाबा आयुष्यभर एका तांब्यात अंघोळ उरकायचे ते का, हे मला तेव्हा कळलं. बोटीवर गोडं पाणी मोजून मिळायचं.

जानेवारी २०२४ मध्ये मी विशाखापट्टणमला गेले. रामकृष्ण बीचवर 'कुरसुरा' वाळूवर उभी आहे. २००१ साली निवृत्त झाली आणि २००२ मध्ये तिचं संग्रहालय झालं. ती करंजच्याच जातीची, सोव्हिएत 'फॉक्सट्रॉट', लांबी ९१ मीटरच्या आसपास. पुढच्या टॉर्पेडो कक्षातून आत जायचं आणि मागच्या टॉर्पेडो कक्षातून बाहेर यायचं. मध्ये गोल दारं आहेत, एकेका पायानं वाकून ओलांडायची. दाखवणारे गृहस्थ नेव्हीतलेच निवृत्त होते. बाबा डिझेलवर होते म्हटल्यावर त्यांनी मला बाकीच्या लोकांतून बाजूला घेतलं. "बेटी, यहाँ रुको." तीन डिझेल इंजिनं, मधून एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच वाट. मी तिथे उभी राहिले. दोन्ही कोपर लोखंडाला लागत होते. बाबा माझ्यापेक्षा रुंद होते.

लिफाफ्यातल्या कागदात तारखा होत्या. रीगा, करंज, मग विशाखापट्टणमचा पाणबुडी तळ वीरबाहू, पुन्हा करंज. आणि मध्येच एक नोंद, जी घरात कुणालाच माहीत नव्हती. मी १९७४ च्या मार्चमध्ये जन्मले. बाबा बारशाला आले नाहीत, दोन महिन्यांनी आले. रजा मिळाली नाही, असं आई सांगायची आणि तिच्या आवाजात तो राग कायम असायचा. कागदावर होतं, त्याच मार्चमध्ये नेव्हीच्या रुग्णालयात १९ दिवस.

मी साताऱ्याच्या काकांना फोन केला. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "उजवा हात. एक्झॉस्टच्या पाइपावर गेला. बोट हलली आणि पुढचा पोरगा पडत होता, त्याला धरायला गेला तुझा बाप. घरी कळवू नका म्हणाला, बायको बाळंतीण आहे." बाबांच्या उजव्या हातावर कोपराखाली तळहाताएवढा गुळगुळीत डाग होता. आम्हाला त्यांनी सांगितलं होतं की लहानपणी होळीत भाजलं.

बाबांचं पान मी त्याच रात्री पुरं केलं. ८ डिसेंबर २०२४ च्या आधी आणखी नऊ जणांची पानं झाली. त्यातली चार त्यांच्या बायकांनी फोनवर सांगितली, आणि तारखांनी कधीच सांगितलं नसतं ते त्यांनीच सांगितलं. बाबांचं पान पाठवण्याआधी मी काकांना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, एकदाही 'हो हो' म्हणाले नाहीत.

"एक दुरुस्ती कर," म्हणाले. "तू इंजिन रूम लिहिलंयस. आम्ही तसं म्हणत नव्हतो. पाचवं कंपार्टमेंट लिही. तो पाचव्यात होता, मी सहाव्यात. मध्ये एकच दार."