तात्यांच्या धनुष्याची दोरी

दसऱ्याच्या तोंडावर मेढ्याकडचे एक तात्या माझ्याकडे आले. खांद्यावर मेसकाठीचं, म्हणजे भरीव बांबूचं धनुष्य आणि पिशवीत स्वतः कुजवून काढलेला अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचे तंतू. "ताई, काठी माझी, दोरीपण माझ्याच वाखाची पाहिजे. किती सुतांची वळू तेवढं सांगा." साताऱ्यात मी धनुष्याच्या दोऱ्या करून देते. २०२३ साली बर्लिनला इथली तिरंदाज अदिती स्वामी जगज्जेती झाली, तेव्हापासून माझ्याकडे तुटक्या दोऱ्या घेऊन येणारी पोरं वाढलीत. पण घरचा वाख घेऊन कुणी आलं नव्हतं.

धनुष्यावर बाजारातली नायलॉनची दोरी होती. ती मी आधी उतरवली. नायलॉन ताणत राहतं, त्यामुळे बाणाला मिळायचा जोर दोरीतच जिरतो. डायनिमा या मजबूत कृत्रिम धाग्याचं उलट: तो जवळपास ताणतच नाही, म्हणून सगळा हिसका धनुष्याच्या टोकांवर बसतो. टोकं मजबूत केलेल्या नव्या धनुष्यांना तो चालतो. उघड्या बांबूची खाच मात्र तो कापत जातो. बांबूला मी डेक्रॉन (पॉलिएस्टरचा धागा) नाहीतर लिनन (जवसाच्या तंतूंचा धागा) हेच लावते.

धनुष्य लटकत्या काट्याला अडकवून पूर्ण ओढलं. पंधरा किलो. म्हणजे दोरी निदान त्याच्या चौपट, साठ किलो सोसणारी हवी. तात्यांना पटेना. "ओढ पंधराची, मग साठ कशाला?" कारण खरा ताण ओढताना येत नाही. बाण सुटतो, दोरी सरळ होऊन एकदम अडते, तेव्हा येतो. शिवाय गाठ आणि पीळ दोन्ही धाग्याची ताकद खातात.

मग एकच धागा खुंटीला बांधला, खाली बादली लटकवली आणि मापाने पाणी ओतत गेलो. लिटरमागे एक किलो, बादलीचं वजन वेगळं धरायचं. चामडं शिवायच्या लिननचा पहिला धागा पाच किलोला तुटला, दुसरा साडेचारला, तिसरा चारला. हिशोबात चारच धरायचे. साठ भागिले चार, पंधरा धागे. तीन पेडांत सारखे वाटून वर थोडी शिल्लक हवी म्हणून अठरा.

आता अंबाडी. तात्यांनी मांडीवर वळलेलं पहिलं सूत पाच किलोपर्यंत गेलं आणि मला फार आनंद झाला. दुसरं दोन किलोलाच तुटलं, नेमकं वाखाला वाख जोडला होता तिथे. तात्यांनी ते तुटकं टोक उचलून उजेडात धरलं, बराच वेळ पाहिलं. दोनच्या हिशोबाने तीस सुतं लागणार, आणि तीही जाड. अशी दोरी बाणाच्या नॉकमध्ये, म्हणजे मागच्या खाचेत बसत नाही, आणि जड दोरीने बाणाचा वेग पडतो. "मग लिननचीच करा," ते म्हणाले.

दोरी वळली मात्र त्यांनीच. सहा-सहा धाग्यांना मधमाशीचं मेण चोळून एकेका पेडाला पीळ दिला, मग तिन्ही पेड एकमेकांवर उलट्या पिळाने घातले. जन्मभर कासरे आणि दावी वळलेला हात. पेड कुठे सैल पडलाय ते त्यांना न बघता कळत होतं. वरच्या टोकाला फासा ठेवला. खालच्या टोकाला मी जी गाठ दाखवायला गेले, ती त्यांना आधीच येत होती: ओंडका ओढायला मारतात तीच. नवी दोरी ताणते, तेव्हा ती सोडून पुन्हा घेता येते. मध्ये, बाण लावायच्या जागी, सर्व्हिंगचा, म्हणजे दोरी झिजू नये म्हणून वरून गुंडाळायचा दोरा घट्ट गुंडाळला.

चढवलेली दोरी तासाभरात ताणली, गाठ एकदा घ्यावी लागली. मग आधी अर्धी ओढ, मग पाऊण, मग पूर्ण, आणि शेवटी बाण लावून. बाणाशिवाय दोरी सोडू नका, हे मी त्यांना दोनदा बजावलं.

जाताना नातवाच्या धनुष्याचं विचारलं. त्याची ओढ सात किलो, हिशोबाने सात धागे, तीन पेडांना नऊ. मी बारा सांगितले. नऊ धाग्यांची दोरी तुटणार नाही, पण पोराच्या बोटांत रुतेल.