चार सीट रिकाम्या

परवा दुपारी रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून घराकडे निघाले होते. ऊन मी म्हणत होतं. फणसोपच्या पुढे एका थांब्यावर आमच्या खालच्या वाडीतल्या काकू उभ्या होत्या. लांबून काहीतरी येतंय म्हटल्यावर त्यांचा हात वर गेला. सवयीचा हात, एसटीला दाखवायचा. मग येणारी गाडी लाल नाही, पांढरी आहे, लहान आहे आणि आत मी आहे, हे एकेक करून त्यांच्या लक्षात आलं असावं. कारण हात खांद्याच्या जरा वर थबकला, तिथून कानामागे गेला, केस सारखे केल्यासारखं केलं आणि खाली उतरला.

मी थांबले.

"थांबलीस कशाला गो? येईल की आता गाडी."

आमच्याकडे 'गाडी' म्हणजे एसटी. माझ्या दारात उभी असते ती 'तुमची ती'.

काकू मागच्या सीटवर बसल्या. पुढे बसा म्हटलं तर "नको, मागेच बरी." झाले मी ड्रायव्हर. दार दोनदा आपटलं, तरी नीट लागलं नाही. उतरून मीच लावलं. एसीकडे बघून "थंड आहे हो" म्हणाल्या आणि त्यानंतर गोळप येईपर्यंत शब्द नाही. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात, डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारख्या. याच काकू एसटीत असल्या की गाडी स्टँडातून हलायच्या आत सुनेचं बाळंतपण, गळलेला मोहोर, बांधावरून चुलत दिराशी चाललेलं भांडण, सगळं मागच्या लांब सीटपर्यंत पोचतं. मीही त्यात भर घालत आले आहे वर्षानुवर्षं. आणि आता मी आरशात बघून विचारतेय, "बाकी काय काकू?" आणि त्या म्हणतायत, "बरं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी पायरीवर दोन नारळ आणि अळूची जुडी. म्हणजे आता त्यांच्याकडे काहीतरी पाठवणं आलं. डबा पाठवला की तो रिकामा परत येणार नाही, त्यात कोकमं येतील, मग पुन्हा मी. एसटीत हा प्रवास वीसेक रुपयांत मिटतो. तिकीट फाडलं, कोणाचं कोणाला देणं नाही. एसटीत आम्ही दोघी तिकीट काढलेल्या बायका. माझ्या गाडीत मी मालकीण आणि त्या पाहुण्या, आणि पाहुण्याने भांडणाची गोष्ट कशी सांगायची?

गाडी घ्यायचा मुहूर्तही आम्ही असा साधला की विचारू नका. 17 मार्च 2023 पासून सरकारने एसटीत बायकांना अर्धं तिकीट केलं. त्याच महिन्यात आमचं कर्ज मंजूर झालं. पुढे पावसाळ्यात आईला 75 पूर्ण झाली, त्यामुळे तिचं तिकीट माफच झालं. नवरा म्हणतो, या घरातून महामंडळाला पूर्ण पैसे देणारा मी एकटा, आणि मी तर गाडीने जातो.

हाफ तिकिटाशी माझा संबंध जुना आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट. मी उंच. अकराव्या वर्षीच चौदाची दिसायचे आणि तेरावं लागलं तरी आईच्या हिशोबी अकरावं सरेना. गाडीत चढायच्या आधी तालीम व्हायची: सीटवर जरा खाली सरकून बसायचं, खिडकीबाहेर बघायचं, विचारलं तरच बोलायचं. कंडक्टर ट्रे काखेत धरून, पंच टकटक वाजवत यायचे. एकदा त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, आईकडे बघितलं आणि म्हणाले, "अकरा होय? गेल्या शिमग्यालाही अकराच होती की." आणि हाफ फाडून दिलं.

त्यांना माझं वय माहीत नसेल तर कोणाला? ते आमच्या वस्तीच्या गाडीचे कंडक्टर. रात्री शेवटची गाडी आमच्या गावात मुक्काम करायची आणि सकाळी तीच पहिली गाडी म्हणून रत्नागिरीला निघायची. ती सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावरून, उतरायला लागली की गिअरचा आवाज आमच्या ओटीपर्यंत यायचा. आजी "आली सड्यावर" म्हणून भात उतरवायची. ड्रायव्हर आणि कंडक्टर देवळाच्या पडवीत पथारी टाकायचे आणि जेवण वाडीतून पाळीपाळीने जायचं. आमची पाळी असली की भाकऱ्या, कुळथाचं पिठलं आणि वर आंब्याचं लोणचं घेऊन कंदिलाच्या उजेडात मीच जायचे. म्हणजे ज्यांना रात्री पिठलं वाढायचं त्यांनाच सकाळी खोटं वय सांगायचं. आईला यात काही गैर वाटत नसे.

सकाळी ड्रायव्हर गाडी तापवत ठेवायचे. त्या घरघरीवर अख्खं गाव उठायचं. गजराचं घड्याळ गुरुजींकडे तेवढं होतं, आणि तेही बंद. दोनदा हॉर्न म्हणजे निघतोय. कोणी धावत येताना दिसलं तर कंडक्टर दोरी ओढायचे आणि उगाच टपावरच्या सामानाची चौकशी करत वेळ काढायचे. टपावर फणस, आंब्याच्या पेट्या, कधी मासळीच्या पाट्या. पाटीचं पाणी खिडकीवरून ओघळायला लागलं की आतले लोक वाकून वर बघायचे आणि पाणी कोणाच्या पाटीचं यावर वाद घालायचे. शहरात शिकायला राहिलेल्या मुलांचे डबे ड्रायव्हरच्या मागे एका रांगेत लागायचे. स्टँडवर ती मुलं येऊन घेऊन जायची, संध्याकाळी रिकामा डबा परत. त्यात चिठ्ठी असायची: तेल पाठव, पैसे पाठव, भाजी खारट होती.

एसटीचं सामान नेणं पुढे पार बंद पडलं असं मला वाटायचं. मग 2020 च्या टाळेबंदीत प्रवासी नव्हते म्हणून महामंडळाने मालवाहतूक सुरू केली, आणि सुरुवातीलाच रत्नागिरीतून बोरिवलीला काय गेलं, तर आंब्याच्या पेट्या. आई पेपर वाचून म्हणाली, "यात नवीन काय?"

आई आणि एसटी जोडीच्या. पहिली एसटी 1 जून 1948 ला पुण्याहून अहमदनगरला गेली, आई त्याच पावसाळ्यातली. ती अजून एसटीनेच रत्नागिरीला जाते. आधार कार्ड पदराला बांधलेल्या पाकिटातून काढून कंडक्टरपुढे धरते. कंडक्टर बघत नाही, तरी धरते. गाडी दारात असताना कशाला जातेस, म्हटलं तर विचारते, "तुझ्या गाडीत भेटतं कोण?" वाडीत कोण आजारी, कोणाचं लग्न ठरलं, कोणाच्या कलमांना यंदा मोहोर नाही, हे मला आता तिच्याकडून कळतं. मागे आमच्याच आळीतले एक आजोबा गेले. मी त्या दिवशी त्यांच्या दारावरून दोनदा गेले, काचा लावून. मला रात्री जेवताना समजलं.

एक गोष्ट मात्र गाडीबद्दल कोणी आधी सांगायला हवी होती. आमचा रस्ता सरळ उत्तर-दक्षिण. सकाळी शहराकडे जाताना ऊन उजवीकडून येतं. संध्याकाळी घरी येताना सूर्य समुद्रावर, म्हणजे पुन्हा उजवीकडून. एसटीत हे सगळ्यांना पाठ असतं. जाता-येता डावीकडच्या खिडक्या आधी भरतात, उशिरा आलेले उजवीकडे बसून डोक्यावर रुमाल घेतात. मी इतकी वर्षं डावीकडची खिडकी रुमाल टाकून मिळवली. आणि कर्ज काढून घेतलेल्या गाडीत माझी जागा कुठे? उजवीकडे. रोज, दोन्ही वेळा. माझा उजवा हात आता डाव्या हाताचा थोरला भाऊ दिसतो. शिवाय सकाळी डावीकडे बसलं की सुरूच्या झाडांमागून भाट्याचा समुद्र दिसायचा. आता तिथून जाताना पुढच्या टेम्पोचा मागचा भाग दिसतो. त्यावर 'समय से पहले और भाग्य से ज्यादा' वगैरे वाचत जायचं.

नवऱ्याला हे सगळं नाटक वाटतं. त्याचं म्हणणं वेळ वाचतो. वाचतो, खरंच वाचतो. पावसात थांब्यावर छत्री उलटी होत नाही, बाजारातलं सामान मांडीवर घ्यावं लागत नाही, आईला रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचं झालं तर कोणाच्या दारात जावं लागत नाही. हे शेवटचं कारण एकटं पुरेसं आहे, त्यावर मी वाद घालत नाही. शंभरेक रुपयांचं पेट्रोल एका खेपेला जातं, तेही जाऊ दे. गणपतीत मुंबईकरांच्या गाड्यांनी आमचं अंगण असं भरतं की आरतीला आलेल्यांनी चपला कुठे काढायच्या हा प्रश्न पडतो. 2011 साली पनवेल-इंदापूरपासून मुंबई-गोवा महामार्ग रुंद करायला घेतला, तेव्हापासून दर चतुर्थीला ते खड्ड्यांची गोष्ट सांगत येतात आणि पुढच्या वर्षी आणखी मोठी गाडी घेऊन येतात.

पण थांबे. थांब्यांचं काय करायचं ते मला अजून जमलेलं नाही. एकटी असते, चार सीट रिकाम्या, काचेतून सगळ्यांना त्या दिसतात. मूड असला की थांबते. नसला की थांबा जवळ येताच रस्त्यातले खड्डे फार मन लावून बघावे लागतात. थांब्यावरची माणसंही समजूतदार, तीही नेमकी तेव्हाच मोबाईलमध्ये बघतात.

संध्याकाळी सव्वापाच-साडेपाचला त्या थांब्यांवर मुली असतात. शाळेच्या, कॉलेजच्या. बारावीपर्यंत त्यांना एसटीचा पास मोफत आहे. आठ-दहा जणी, दप्तरं, ओले दुपट्टे, हसणं. त्यांच्यापुढे गाडी थांबवून कोणत्या चौघींना घ्यायचं आणि बाकीच्यांना काय सांगायचं? एकदा काच खाली केली तर त्याच म्हणाल्या, "तुम्ही जा काकी, आमची गाडी येईल."

येते अजून. एसटीवाल्यांच्या तोंडी एक शब्द असतो, भारमान. फेरीला किती सीट भरल्या त्याचा हिशोब. भारमान घसरत गेलं की फेरीवर गदा येते. पुरुष कधीच मोटरसायकलवर गेले. मग माझ्यासारख्या बायका गेल्या, हाफ तिकीट हातात असताना. सकाळच्या फेरीत उरल्या आई, आईच्या मैत्रिणी आणि या मुली. वाडीत कोणाची मुलगी बारावीनंतर शिकणार हे तिच्या मार्कांवर ठरतं असं आपण म्हणतो. आमच्या बाजूला ते पुष्कळदा संध्याकाळच्या फेरीवर ठरतं. ती फेरी नसेल तर शिक्षण हा घरात चर्चेचा विषय होतो, आणि त्या चर्चेत कोण जिंकतं ते मी अनेक घरांत पाहिलंय.

सोमवारपासून एसटीने जाते, असं मी काल जाहीर केलं. आई म्हणाली, "सहा चाळीसची पकड, पुढचीला बसायला मिळत नाही." नवरा म्हणाला, सोमवारी गाडी सर्व्हिसिंगला शहरात न्यायची आहे, त्याला सुट्टी नाही, तेव्हा ती मलाच नेऊन सोडावी लागेल.

बघू. मंगळवारी.